मिनिनेटमध्ये काल पिंग होत होता, आज होत नाही: घोळ नेमका कुठे असतो

परवा रात्री साडेनऊला पारोळ्याच्या एका पोराचा फोन आला, धुळ्याला फायनल इयरला आहे, प्रोजेक्ट एसडीएनवर (स्विचचं डोकं बाहेर काढून एका प्रोग्रामकडे देणारं नेटवर्क). मी हॅलो म्हणायच्या आत सुरू, "दादा, काल व्हतं ना चालू, आज पिंगच व्हत नही, फाइलमा एक ओळ बदलेल नही." हीच तक्रार जवळपास याच शब्दांत मी दर सेमिस्टरला ऐकतो, जळगावहून, नंदुरबारहून, शिरपूरहून, आणि दरवेळी फोनवर तासभर जातो, म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून काढतोय. कमांड मी बोलतो तशा लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

ज्यांनी नुकतंच हातात घेतलंय त्यांच्यासाठी दोन शब्द. पिंग म्हणजे एका मशीनने दुसऱ्याला "आहेस का" विचारणं. मिनिनेट म्हणजे तुमच्या एका लॅपटॉपवर अख्खं नेटवर्क उभं करणारं सॉफ्टवेअर, २०१० साली स्टॅनफर्डमधून बाहेर आलं. त्यातले होस्ट म्हणजे लिनक्स कर्नलमधल्या नेटवर्क नेमस्पेस (नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे), वायरी म्हणजे व्हीईथच्या जोड्या (एका टोकाला टाकलं की दुसऱ्या टोकाला निघतं), आणि स्विच बहुतेक वेळा ओपन व्हीस्विच. कंट्रोलर, म्हणजे पॅकेट कुठे पाठवायचं हे स्विचला सांगणारा, वेगळा प्रोग्राम असतो, आपल्याकडची पोरं बहुतेक रियू वापरतात. ओपनफ्लो (कंट्रोलर आणि स्विचची आपसातली भाषा) बोलणारा खरा स्विच घ्यायचा म्हटलं तर आपल्या भागातल्या कॉलेजच्या लॅबला परवडत नाही, पण मिनिनेटला आठ जीबी रॅमचा जुना डबाही पुरतो, म्हणून मला ते मनापासून आवडतं आणि म्हणूनच पोरं कंटाळून सोडून देतात तेव्हा वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं. "फाइल बदलली नाही" हे शंभर टक्के खरं असतं, पोरं खोटं बोलत नाहीत. पण मिनिनेटमध्ये तुमची फाइल म्हणजे नुसता नकाशा, बाकी अर्धी गोष्ट फाइलच्या बाहेर असते: मागच्या वेळचा मशीनवर राहिलेला कचरा, कंट्रोलर जिवंत आहे का, त्याचा आयपी तोच आहे का, स्विच त्याला जोडला गेलाय का. बिघाड नव्वद वेळा इथेच निघतो आणि पोरं मात्र रात्रभर पायथन कोडमध्ये डोकं घालून बसतात.

त्या पोराला मी पहिला प्रश्न विचारला की काल बंद कसं केलंस. तर म्हणे बंद केलंच नाही, लाइट गेली. घरचा डेस्कटॉप, यूपीएस नाही. इथे एक बारीक गोष्ट आहे जी फार लोकांना माहीत नसते. लाइट जाऊन मशीन बंद पडलं की नेमस्पेस आणि व्हीईथ जोड्या उडतात, त्या मेमरीतच असतात, पण ओपन व्हीस्विचचे ब्रिज (म्हणजे आपले स्विचच) उडत नाहीत, कारण ओपन व्हीस्विच आपली मांडणी डिस्कवरच्या एका छोट्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो आणि मशीन चालू झालं की त्यातून वाचून ब्रिज परत उभे करतो. म्हणजे सकाळी तुम्ही मिनिनेटला हातही लावला नाही तरी कालचा एस१, एस२ तिथे उभा असतो आणि त्याच्या पोर्टांच्या वायरी मात्र गायब. सुडो ओव्हीएस-व्हीएससीटीएल शो मारलं की अशा प्रत्येक पोर्टपुढे एरर दिसते, नो सच डिव्हाइस. उलट बाजूने, मशीन चालूच असताना टर्मिनलची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली किंवा स्क्रिप्ट मधेच क्रॅश झाली की ब्रिजसोबत व्हीईथही मागे राहतात, मग पुढच्या वेळी एरर क्रिएटिंग इंटरफेस पेअर, फाइल एक्झिस्ट्स असं येतं. ते वाचून पोरं फाइल शोधत बसतात, इथे फाइलचा काही संबंध नाही, त्या नावाचा इंटरफेस आधीच आहे एवढंच तो सांगतोय.

दोन्हीवर उपाय एकच, सुडो एमएन -सी. साफसफाई करतो. हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही आणि त्या पोराचा खरा घोळ तिथेच होता.

त्याने काय केलं, आधी एका टर्मिनलमध्ये रियू चालू केला, मग दुसऱ्या टर्मिनलमध्ये एमएन -सी मारलं, मग टोपोलॉजी (नेटवर्कच्या नकाशाची ती फाइल) चालवली. क्रम बघितला तर चूक वाटत नाही. पण एमएन -सी नुसते ब्रिज पुसत नाही, ज्या प्रोसेस मिनिनेटच्या वाटतात त्या सगळ्या जबरदस्तीने मारतो, आणि त्याच्या यादीत जुने ओपनफ्लो कंट्रोलर, मागे राहिलेले पिंग यांच्याबरोबर रियू-मॅनेजरसुद्धा आहे. म्हणजे पोराने स्वतःच्या हाताने कंट्रोलर मारला आणि ते दुसऱ्या टर्मिनलमध्ये झालं म्हणून त्याला दिसलंच नाही. तर क्रम कायम हा ठेवा: आधी साफसफाई, मग कंट्रोलर, मग टोपोलॉजी. मी लॅबच्या फळ्यावर हे लिहूनच ठेवलंय.

आणि एक सावधगिरी, एमएन -सी त्या मशीनवरचे ओपन व्हीस्विचचे सगळे ब्रिज काढतो, मिनिनेटने बनवलेले असोत की नसोत. तुम्ही त्याच मशीनवर व्हर्च्युअल मशीनसाठी किंवा ऑफिसच्या कामासाठी हाताने ब्रिज बांधला असेल तर तोही जाईल. अशा मशीनवर मिनिनेट चालवूच नका, वेगळं व्हर्च्युअल मशीन घ्या.

बरं, कंट्रोलर मेलेला असताना टोपोलॉजी चालू कशी झाली, एरर का नाही आली? आली होती. अनेबल टू कॉन्टॅक्ट द रिमोट कंट्रोलर अशी ओळ सुरुवातीलाच येते, पण मिनिनेट तिथे थांबत नाही, नेटवर्क उभं करतो, होस्ट देतो, प्रॉम्प्ट देतो, सगळं छान दिसतं, आणि ती ओळ वर सरकून जाते. मग पिंगऑल (प्रत्येक होस्टवरून बाकी सगळ्यांना पिंग) केलं की शंभर टक्के ड्रॉप.

शंभर टक्केच का, थोडे तरी पॅकेट का जात नाहीत हे समजून घ्या, कारण यातच एसडीएनचं अर्धं मर्म आहे. मी भुसावळचा, वडील रेल्वेत होते, त्यामुळे मला हे रेल्वेच्याच भाषेत पटतं. स्विच म्हणजे यार्डातले सांधे, गाडी प्रत्यक्षात त्यांच्यावरून जाते. कंट्रोलर म्हणजे डिव्हिजनच्या कंट्रोल ऑफिसात बसलेला माणूस, कुठली गाडी कुठल्या लाइनीवर घ्यायची हे तो ठरवतो. आता कंट्रोलचा फोनच लागत नसेल तर काय करायचं याचे दोन नियम असू शकतात, एक म्हणजे नवीन हुकूम येईपर्यंत सिग्नल लाल, दुसरा म्हणजे स्टेशनातल्या माणसाने आपल्या अकलेने गाड्या काढाव्यात. ओपन व्हीस्विचमध्ये पहिल्याला सिक्युअर म्हणतात, दुसऱ्याला स्टँडअलोन, आणि मिनिनेट आपले स्विच सिक्युअरमध्ये उभे करतो. कंट्रोलर नाही, फ्लो (पॅकेट कुठे पाठवायचं याचा नियम) नाही, म्हणजे सगळे सिग्नल लाल. स्टँडअलोन केलं तर स्विच साध्या लर्निंग स्विचसारखा (कोण कुठल्या पोर्टवर आहे हे स्वतः शिकणारा) वागतो आणि पिंग लगेच होतो. काही जण हाच उपाय म्हणून सांगतात, मला तो अजिबात पटत नाही, कारण मग तुम्ही टेस्ट करताय कशाची, तुमचा कंट्रोलर चालतोय की नाही हे कळायचा रस्ताच बंद होतो. वायरिंग बरोबर आहे का एवढं तपासायला दोन मिनिटं लावा आणि काढून टाका.

म्हणून माझा आग्रह आहे की पिंगऑलच्या आधी दुसऱ्या टर्मिनलमध्ये ओव्हीएस-व्हीएससीटीएल शो मारा आणि प्रत्येक ब्रिजखाली कंट्रोलरच्या ओळीपुढे इज कनेक्टेड ट्रू आहे का ते बघा. प्रत्येक ब्रिजखाली, एकाच नाही. ती ओळ नसेल तर पुढचं काहीही बघू नका, कोड नाही, फ्लो नाही, काही नाही.

जोडला गेला नाही तर कारणं थोडीच आहेत. पोर्ट: ओपनफ्लोचा पोर्ट आधी ६६३३ होता, नंतर अधिकृत ६६५३ झाला, त्यामुळे जुन्या ट्युटोरियलमधून एक नंबर आणि नव्यातून दुसरा उचलला की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. दुसरं, एखादा दुसराच कंट्रोलर तो पोर्ट धरून बसलेला असतो, पॅकेजबरोबर आलेला ओपन व्हीस्विचचा टेस्ट कंट्रोलर मशीनबरोबर आपोआप चालू होतो, मग मिनिनेट म्हणतो त्या पोर्टवर चाललेला कंट्रोलर आधी बंद करा. ती सर्व्हिस स्टॉप करा आणि डिसेबलही करा, नुसती स्टॉप केली तर उद्या सकाळी परत तेच.

तिसरं कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त, कंट्रोलर विंडोजवर आणि मिनिनेट व्हर्च्युअलबॉक्समध्ये. आयपी म्हणून १२७.०.०.१ टाकतात. अरे, १२७.०.०.१ म्हणजे "मी स्वतः", व्हर्च्युअल मशीनच्या आतून तो पत्ता म्हणजे ते व्हर्च्युअल मशीनच, बाहेरचं विंडोज नाही. होस्ट-ओन्ली अडॅप्टर लावा, विंडोजच्या बाजूला बहुतेक वेळा १९२.१६८.५६.१ मिळतो, तो द्या, आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये तो पोर्ट आत येण्यासाठी मोकळा करा. गेल्या वर्षी दोन मुलींचा ग्रुप होता, एकीच्या लॅपटॉपवर कंट्रोलर आणि दुसरीच्या लॅपटॉपवर मिनिनेट, मध्ये मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि स्क्रिप्टमध्ये कंट्रोलरचा आयपी पक्का लिहिलेला. हॉटस्पॉट बंद करून चालू केला, आयपी बदलला, आणि दोघी आठवडाभर कोड वाचत होत्या. आयपी कमांडमधून द्यायची सोय करा, फाइलमध्ये कोरून ठेवू नका.

पोराचा रियू परत चालू केला, टोपोलॉजी चालवली, इज कनेक्टेड ट्रू आलं, आणि पहिल्या पिंगऑलला तरीही काही पॅकेट ड्रॉप झालेच. "दादा, आजून ड्रॉप दखाई ऱ्हायना." दुसऱ्यांदा मारायला सांगितलं, शून्य टक्के. हेही सगळ्यांना छळतं. नेटवर्क स्टार्ट झालं की मिनिनेट लगेच पुढे सरकतो, पण स्विच आणि कंट्रोलरची हाय-हॅलो व्हायला थोडा वेळ लागतो, आणि तुमची स्क्रिप्ट तोवर पिंगऑल मारून मोकळी. एमएन चालवताना वेटचा पर्याय द्या, किंवा पायथनमध्ये स्टार्टनंतर वेटकनेक्टेड बोलवा. स्लीप पाच असं लिहिणारे पुष्कळ आहेत, हळू मशीनवर ते पाच सेकंद पुरत नाहीत आणि तीच चूक परत येते. पहिला पिंग हळू आणि पुढचे झटपट, ही मात्र चूक नाही, पहिल्याला एआरपी होतो (आयपीवरून समोरच्याचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक, विचारणं), पॅकेट कंट्रोलरकडे विचारायला जातं, फ्लो बसतो, मग पुढचे स्विचमधूनच जातात.

कनेक्टेड ट्रू असूनही पिंग होत नसेल तर फ्लो बघा, सुडो ओव्हीएस-ओएफसीटीएल डंप-फ्लोज एस१. जुन्या ओपन व्हीस्विचवर स्विच फक्त ओपनफ्लो १.३ वर ठेवला असेल तर ही कमांड व्हर्जन निगोशिएशन फेल्ड म्हणून रडते, मध्ये -ओ ओपनफ्लो१३ टाका. आता यादीत प्रायॉरिटी शून्यची, कंट्रोलरकडे पाठव सांगणारी ओळ दिसली पाहिजे. ओपनफ्लो १.० मध्ये कुठलाच नियम लागू झाला नाही तर पॅकेट कंट्रोलरकडे जायचं, १.३ मध्ये तसं नाही, नियम नाही तर पॅकेट टाकून दिलं जातं, म्हणून १.३ मध्ये कंट्रोलरने ती शेवटची ओळ स्वतः बसवावी लागते. १.० चं उदाहरण बघून १.३ चा कोड लिहिणाऱ्यांचं हमखास इथे अडतं.

आणि हाताने फ्लो टाकणाऱ्यांसाठी, मिनिनेट दरवेळी होस्टला नवीन रँडम मॅक देतो. काल फ्लोमध्ये मॅक लिहिला, आज तो होस्टच वेगळ्या मॅकचा, मग "काल चालत होतं" खरंच असतं. एमएनला मॅकचा पर्याय द्या, म्हणजे एच१ चा मॅक शेवटी ०१, एच२ चा ०२, कायम तोच.

पोराचं सरळ रेषेतलं नेटवर्क चाललं. मग म्हणाला खरा प्रोजेक्ट रिंगचा आहे, जळगाव, धुळे आणि चाळीसगाव असे तीन स्विच, तिघं एकमेकांना जोडलेले, एक लाइन तुटली तर दुसरीकडून ट्रॅफिक जायला पाहिजे. चांगला विषय आहे, आपल्या भागातला रस्ताही असाच आहे, पारोळ्याकडून बंद असेल तर माणूस पाचोरा-चाळीसगावकडून धुळ्याला जातो. पण चालवल्या चालवल्या मशीन गुदमरलं, पंखा घोंघावायला लागला, टॉपमध्ये (कुठला प्रोग्राम किती सीपीयू खातोय ते दाखवणारी कमांड) रियू शंभर टक्क्यांवर.

कारण लूप. ब्रॉडकास्ट पॅकेट सगळीकडे पाठवायचं असतं, रिंगमध्ये ते फिरून परत त्याच स्विचवर येतं, तो परत सगळीकडे पाठवतो, आणि इथरनेटच्या फ्रेमला आयपीसारखी टीटीएल (किती टप्प्यांनंतर मरायचं तो आकडा) नसते, म्हणून ते मरतच नाही. पोर म्हणालं पण मी अजून पिंगच केला नाही. बरोबर, तरीही होतं, कारण होस्ट उभे राहिले की त्यांचं आयपीव्ही६ आपणहून शेजारी शोधायला मल्टिकास्ट सोडतं, तेवढं एक पॅकेट पुरतं. रियूचं साधं स्विचचं उदाहरण लूप ओळखत नाही, ते झाडासारख्या नेटवर्कसाठीच आहे. रियूबरोबरच एसटीपीवालं (लूप तोडायला एखादी लाइन बंद ठेवणारं) उदाहरण येतं, सिंपल स्विच एसटीपी १३, ते वापरा. कंट्रोलरशिवाय नुसती रिंग बघायची असेल तर स्विचला फेलमोड स्टँडअलोन आणि एसटीपी ट्रू द्या. आणि मग थांबा! एसटीपीमध्ये पोर्ट आधी पंधरा सेकंद ऐकतो, मग पंधरा सेकंद शिकतो, म्हणजे अर्धा मिनिट काहीच जात नाही, तेवढ्यात पिंगऑल मारून "हेही चालत नाही" म्हणू नका.

स्विचच्या नावांचं राहिलंच. त्याला एस१, एस२ नको होतं, गावांची नावं हवी होती, मला ते आवडलं. पण नावात आकडा नसेल तर मिनिनेटला स्विचचा डीपीआयडी (कंट्रोलर स्विचला ज्याने ओळखतो तो नंबर) काढता येत नाही, तो नावातल्या आकड्यावरूनच काढतो, मग स्विच जोडताना डीपीआयडी स्वतः द्या. आणि लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव पंधरा अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही. स्विचच्या नावाला पोर्टचं शेपूट लागतं, डॅश ईटीएच एक, म्हणजे पाच अक्षरं. चाळीसगाव इंग्रजीत दहा अक्षरं, बरोबर पंधरात बसतं, पण फक्त नऊ पोर्टपर्यंत, दहाव्याला सोळा होतात. मुक्ताईनगर अकरा अक्षरं, पहिल्या पोर्टलाच अडतं. छोटी नावं ठेवा, मुक्ताई ठेवा.

रियू इन्स्टॉलच होत नाही ही तक्रार वेगळी, पण तीही रोजची. रियूवर आता काम होत नाही आणि नव्या उबंटूमधलं पायथन त्याच्याशी जमवून घेत नाही. पायथन ३.९ चं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, त्यात इव्हेंटलेट ०.३०.२ टाका, ऑलरेडी हँडल्ड नावाची एरर जाते. नवीन सुरुवात करत असाल तर ओपनस्टॅकवाल्यांनी रियूवरून काढलेलं ओएस-केन बघा.

शेवटचं उन्हाळ्याचं, कारण प्रोजेक्ट सबमिशन नेमकं एप्रिल-मेमध्ये येतं. मिनिनेट खऱ्या वेळेत चालतो, त्यातले सगळे होस्ट, सगळे स्विच तुमच्या एकाच सीपीयूवर भागीदारीत जगतात. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत लॅपटॉप तापतो, सीपीयू स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि तुमचे आयपर्फचे (नेटवर्कचा वेग मोजायचं टूल) आकडे पडतात. मी हे स्वतः पाहिलंय, तीच स्क्रिप्ट, तोच लॅपटॉप, सकाळी साडेसहाला एक आकडा आणि दुपारी अडीचला त्याच्याहून बराच कमी, आणि पोरगी आपल्या राउटिंगच्या कोडमध्ये दोष शोधत होती. लिंकला टीसीलिंक वापरून १० एमबीपीएससारखी छोटी मर्यादा घाला, ती मर्यादा मशीनला थंड असो की गरम झेपते, मग दोन पद्धतींची तुलना प्रामाणिक होते. दोन कोअरच्या लॅपटॉपवर दहा लिंक एकेक गिगाबिटच्या लावून जो आकडा येईल तो तुमच्या लॅपटॉपचा असेल, नेटवर्कचा नाही. आणि खरंच मोठं, वेगवान नेटवर्क मोजायचं असेल तर एनएस-३ या सिम्युलेटरकडे जा, त्याचं घड्याळ आभासी असतं, मशीन हळू असलं तर उत्तर उशिरा येतं पण तेच येतं.

पोराचं पावणेबाराला चाललं. जळगाव-धुळे लिंक डाउन केली, पिंग तुटला, अर्ध्या-पाऊण मिनिटाने चाळीसगावकडून परत सुरू झाला, त्याने टर्मिनलचा फोटो पाठवला. ती पाऊण मिनिटाची फट एसटीपीची आहे, ती कमी कशी करायची हा त्याचा प्रोजेक्टमधला पुढचा भाग, त्यासाठी फास्ट-फेलओव्हर ग्रुप (लाइन पडली की स्विच स्वतःच दुसऱ्या पोर्टकडे वळतो) वापरून बघ म्हणून सांगितलंय, रविवारी बसणार आहोत.